सर्व्हरच्या हार्ड डिस्क ठीक आहेत का, हे कमांड लाइनवरून कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात प्रॉक्समॉक्सचा (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) एक सर्व्हर आहे, चार सॅटा डिस्क, झेडएफएसचे मिरर (तोच डेटा दोन-दोन डिस्कवर ठेवणारी व्यवस्था), वर आठ-नऊ व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. आठवडाभर व्हीएम मध्येच अर्धा-अर्धा मिनिट अडकताहेत. एका व्हीएममध्ये शिरून तुम्ही स्मार्टसीटीएल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते ती वाचणारी कमांड) चालवलंत, 'पास्ड' आलं, तरी मन मानत नाहीये. मन मानत नाही ते बरोबरच आहे. तुम्ही जी डिस्क तपासली ती खरी डिस्कच नव्हती.

व्हीएमला दिसते ती क्यूईएमयूने (व्हीएमसाठी आभासी हार्डवेअर बनवणारा प्रोग्राम) तयार केलेली डिस्क. मॉडेलच्या ओळीत 'क्यूईएमयू हार्डडिस्क' असं लिहिलेलं दिसेल. डिस्क व्हर्टआयओ या खास आभासी पद्धतीने जोडलेली असेल तर स्मार्टसीटीएलला ती ओळखताच येत नाही. सॅटा किंवा आयडीई म्हणून जोडलेली असेल, तर क्यूईएमयू स्वतःच बनवलेले ठरावीक आकडे पुढे करतो आणि ते कायम चांगलेच असतात. त्यामुळे सगळी तपासणी होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर, रूट म्हणून (सगळे अधिकार असलेल्या खात्यातून) करायची. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

त्याआधी एक काम कराच. ज्या व्हीएमशिवाय ऑफिस थांबेल, तिचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या. त्याच पूलवर (झेडएफएसने याच डिस्क एकत्र करून केलेल्या साठ्यावर) नको. आजारी डिस्कवर आठ तासांची टेस्ट लावायची आणि बॅकअप नंतर घेऊ म्हणायचं, हा उलटा क्रम मी लोकांना महागात पडलेला पाहिलाय.

आता होस्टवर 'स्मार्टसीटीएल --स्कॅन' द्या म्हणजे डिस्कची यादी मिळेल. मग एकेका डिस्कवर 'स्मार्टसीटीएल -एक्स /डेव्ह/एसडीए'. पुष्कळजण फक्त मोठ्या 'एच'चा पर्याय देतात आणि 'पास्ड' वाचून निवांत होतात. ते 'पास्ड' म्हणजे कंपनीने ठरवलेली मर्यादा डिस्कने अजून ओलांडलेली नाही, एवढंच. त्या मर्यादा इतक्या सैल असतात की डिस्क आचके देत असतानाही 'पास्ड' येतं.

खरं वाचायचं ते खालच्या तक्त्यात, शेवटच्या 'रॉ व्हॅल्यू'च्या रकान्यात. क्रमांक ५ म्हणजे खराब निघाले म्हणून बदली जागा दिलेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता आले नाहीत आणि निकाल लागायचा बाकी आहे असे पेंडिंग सेक्टर. १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना वाचता न आलेले. १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. हे चारही शून्य असायला हवेत. ५ वर दोन-चार असतील आणि महिनोन् महिने तेवढेच असतील, तर मी डिस्क लगेच काढत नाही. पण आज ८ आणि परवा २४, असं झालं की मी एक दिवसही थांबत नाही. म्हणून आजचा आउटपुट तारखेसह फाइलमध्ये ठेवा, आकडा वाढतोय की नाही ते उद्या त्याच फाइलवरून कळेल.

१९९ वेगळा आहे. तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. नुसता तोच वाढत असेल तर आधी सॅटाची केबल बदला, पोर्ट बदला, डिस्क निष्पाप असू शकते. केबल बदलली तरी हा आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आणि सीगेटच्या डिस्कवर क्रमांक १ समोर कोट्यवधींचा आकडा दिसला तर घाबरू नका. त्या कंपनीची तो मोजायची पद्धतच वेगळी आहे.

सर्व्हरला हार्डवेअर रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र करून एकच म्हणून दाखवणारं कार्ड) असेल तर डिस्क त्यामागे लपतात. मेगारेड असेल तर '-डी मेगारेड,०', मग १, २ असं पुढे. एचपीच्या जुन्या स्मार्ट ॲरेला '-डी सीसीआयएसएस,०'. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी असेल तर हा तक्ताच नसतो, तिथं 'क्रिटिकल वॉर्निंग', 'अव्हेलेबल स्पेअर', 'पर्सेंटेज यूज्ड' आणि 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' या चार ओळी वाचा.

आता तुमच्या अडकण्याबद्दल, कारण अगदी असंच एक प्रकरण मी हाताळलंय. नाशिकजवळच्या एका छोट्या कारखान्याचा सर्व्हर, दोन डिस्कचा झेडएफएस मिरर. दिवसभर सगळं सुरळीत, आणि रात्री दोनला बॅकअप सुरू झाला की व्हीएम गोठायच्या. 'झेडपूल स्टेटस -व्ही' दिलं तर चुकांचे तिन्ही रकाने शून्य. मग मी बॅकअप चालू असताना 'आयओस्टॅट -एक्स ५' लावून बसलो (हे सिसस्टॅट पॅकेजमध्ये येतं). 'आर_अवेट' म्हणजे वाचायला सरासरी किती मिलिसेकंद लागले. एका डिस्कला ९-१० लागत होते, दुसरी मध्येच ४,००० च्या पुढे जायची. त्या डिस्कचा १९७ होता १६. आरोग्याची ओळ? 'पास्ड'!

कारण असं की बॅकअप व्हीएमच्या डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतो. रोजच्या कामात जिथं कुणी फिरकत नाही, तिथले दुखरे सेक्टर त्याच्या वाटेत येतात. शिवाय त्या डिस्क डेस्कटॉपच्या होत्या. अशी डिस्क एक सेक्टर वाचायला कितीतरी सेकंद झटत बसते आणि शेवटी कधी वाचतेही, म्हणून झेडएफएसला चूक दिसत नाही, फक्त उशीर होतो. लिनक्स अशा डिस्कची ३० सेकंद वाट बघतं. तेवढा वेळ व्हीएम श्वास रोखून उभी. तुमचं 'अर्धा मिनिट' मला म्हणूनच खटकलं. 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी /डेव्ह/एसडीए' देऊन बघा, डिस्क न वाचता येणाऱ्या सेक्टरवर किती वेळ झटते ते त्यात कळतं. डिस्कला सोय असेल तर शेवटी ',७०,७०' जोडून सात सेकंदांची मर्यादा घालता येते. मग डिस्क लवकर हार मानते आणि झेडएफएस तोच डेटा मिररच्या दुसऱ्या डिस्ककडून घेतो. वीज जाऊन आली की बऱ्याच डिस्क ही मर्यादा विसरतात, त्यामुळे ती बूटच्या वेळी पुन्हा लागेल अशी व्यवस्था करा.

बॅकअप हातात आला की 'स्मार्टसीटीएल -टी लाँग' लावा, पण एका वेळी एकाच डिस्कवर आणि रात्री. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात, आणि व्हीएमचं काम आलं की टेस्ट बाजूला थांबते, म्हणून आणखी लांबते. निकाल 'स्मार्टसीटीएल -एल सेल्फटेस्ट'मध्ये मिळतो. 'रीड फेल्युअर' दिसलं की विषय संपला, डिस्क बदला. एक कळकळीची विनंती: 'बॅडब्लॉक्स -डब्ल्यू' चालत्या सर्व्हरवर कधीही देऊ नका. ती कमांड डिस्कवर लिहून तपासते, डेटा पुसला जातो.

सगळे आकडे स्वच्छ आले तरी डिस्कला अभय समजू नका. २००७ साली गूगलच्या इंजिनिअरांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही उमटली नव्हती. उलट स्कॅनमध्ये (डिस्क स्वतःच पृष्ठभाग तपासते त्यात) पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणून खूण दिसली की धावा, आणि दिसली नाही तरी महिन्यातून एकदा 'झेडपूल स्क्रब' (पूलवरचा सगळा डेटा वाचून तपासणारी कमांड) आणि रोजचा बॅकअप चालू ठेवा. स्मार्टडीच्या (डिस्कवर सतत लक्ष ठेवून मेल पाठवणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये मेलचा पत्ता टाका आणि '-एम टेस्ट' (मोठा एम) लावून मेल खरंच पोचतो का ते बघा. मेलच बाहेर जात नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

डिस्क काढायची वेळ आली तर एसडीए-एसडीबी या नावांवर अजिबात जाऊ नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. स्मार्टसीटीएलच्या आउटपुटमधला सिरियल नंबर कागदावर लिहून घ्या आणि डिस्कच्या स्टिकरवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघा. मिररमधली चांगली डिस्क चुकून उपसली, तर उरते ती आजारी. आणि तीच डिस्क प्रॉक्समॉक्स बूट करणारी असेल, तर नुसतं 'झेडपूल रिप्लेस' पुरत नाही, पार्टिशन आणि बूटलोडरही नव्या डिस्कवर न्यावे लागतात.

चारही डिस्कचे ५, १८७, १९७, १९८, १९९ आणि अडकण्याच्या वेळचा आयओस्टॅटचा आउटपुट इथंच खाली टाका. कुठली डिस्क ते बघून सांगतो.