वायरलेसचा पहिला तास

मॅडम, वर्गात रेडिओ लहरी शिकवताना फ्रिक्वेन्सीचा तक्ता पहिल्याच दिवशी लावू नका. मीडियम वेव्हचा जुना रेडिओ आणा, नुसती खरखर येते तिथे काटा ठेवा आणि शेजारी गॅसचा लायटर दाबा. प्रत्येक ठिणगीला रेडिओ कडकडतो, पोरं जागची उठतात! लायटरचाही आवाज होतो, म्हणून रेडिओ मोठ्याने लावा. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कोलकात्यात विनातार घंटा वाजवली, ते इथेच सांगा.

मग स्टेशन लावून रेडिओ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, स्टेशन गप्प होतं. फट राहिली की प्रयोग फसतो, घरी एकदा करून बघाच.

नव्या शिक्षकांकडून हमखास दोन चुका होतात:
- बोलणाऱ्याचा आवाजच हवेतून इथवर येतो, हा मुलांचा समज तसाच राहतो.
- उत्तर आधी सांगून टाकतात.

धडगावकडची (नंदुरबारच्या डोंगरातली) मुलं मोबाइलच्या रेंजसाठी टेकडी चढतात. का, ते त्यांनाच बोलू द्या. मॉड्युलेशन, म्हणजे आवाज लहरींवर कसा चढवतात ते, सध्या बाजूला ठेवा.