घडीचा चाकू, खटक्याचा चाकू आणि ‘बाळगणे’

परभणीहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : “माझी मुलगी शिकायला इंग्लंडला निघाली आहे. तिच्या आजोबांनी आपला जुना, मिटणारा, बोटभर पात्याचा चाकू फळे चिरायला म्हणून तिला देऊ केला. तिथला त्याबाबतचा नियम मी त्यांना मराठीत लिहून दाखवला, तेव्हा ‘खिशातील सुरी बाळगणे’ हे माझे शब्द वाचून ते रागावले. ‘सुरी खिशात राहत नसते, आणि मी काही बाळगत नसतो, माझ्याजवळ असतो,’ असे म्हणाले. माझे काय चुकले आणि मी काय लिहायला हवे होते?”

आजोबांचे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत. पहिला नामाविषयी आहे, दुसरा क्रियापदाविषयी, आणि दुसरा अधिक मोलाचा आहे.

आधी सुरी. हा शब्द संस्कृत ‘क्षुरिका’, ‘छुरिका’ यांपासून आलेला आहे. मूळ ‘क्षुर’ म्हणजे वस्तरा. त्याच ‘क्षुर’चे दुसरे अपत्य मराठवाड्याच्या प्रत्येक शेतात रोज वापरले जाते, ते म्हणजे ‘क्षुरप्र’पासून आलेले खुरपे. एका शब्दात ‘क्ष’चा ‘छ’ आणि पुढे ‘स’ झाला, दुसऱ्यात ‘ख’ झाला. म्हणून सुरी आणि खुरपे या बहिणी आहेत हे कानाला कळत नाही. खुरप्याप्रमाणेच सुरीचेही पाते मुठीत कायमचे बसवलेले असते. ती स्वयंपाकघरात राहते, ताटात किंवा फडताळात राहते, आणि बाहेर न्यायची तर म्यान तरी हवे किंवा फडक्यात गुंडाळायला हवी. सुरीचा मोठा भाऊ ‘सुरा’. तो शब्द उच्चारताच बातमीतला मारेकरी डोळ्यांपुढे उभा राहतो. म्हणींतही सुरीच आहे : सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही. चाकूची अशी एकही म्हण मला आठवत नाही, आणि त्याचे कारण बहुधा हेच असावे की हा पाहुणा नंतर आला.

तो आला फारसीतून, आणि फारसीत तो तुर्की बोलींतून गेला असे मानले जाते. आजच्या तुर्कीत ‘चाकी’ म्हणजे नेमका मिटणारा, खिशात मावणारा चाकू, आणि साध्या सुरीला तिथे ‘बिचाक’ हा वेगळा शब्द आहे. फारसीतही स्वयंपाकाच्या सुरीला ‘कार्द’ म्हणतात आणि खिशातल्या वस्तूला ‘चाकू’. म्हणजे आजोबा जो भेद करत आहेत तो त्यांच्या हट्टाचा नाही. शब्द इकडे येताना तो भेद सोबत घेऊनच आला होता. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीत तो पुसट झाला, भाजी चिरायच्या सुरीलाही सर्रास चाकू म्हणू लागले, आणि आता ती भाषा आपल्याकडच्या शाळांतूनही रुळली आहे. मराठवाडा मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालत असे, बाजारात दखनी बोलली जाई. त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द त्याच्या मूळच्या अर्थासह अधिक काळ टिकला असावा असा माझा तर्क आहे. माझे वडील त्याला ‘चक्कू’ म्हणत. तो बंडीच्या आतल्या खिशात असे, सुताच्या दोरीने काजाला बांधलेला, आणि घरातल्या सुरीला त्यांनी चुकूनही चक्कू म्हटल्याचे मी ऐकले नाही.

हा चाकू होता कशासाठी, हे त्याच्या एका जुन्या फारसी नावावरून कळते : कलमतराश, म्हणजे कलम तासणारा. बोरूचे टोक वारंवार तासावे लागे, म्हणून लिहिणाऱ्याच्या जवळ छोटे पाते हवेच. ‘कलम’ हा शब्द अरबीतून आला, अरबीत तो ग्रीकमधून गेला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वेत, बोरू असाच आहे. पुढे झाडाच्या कापून लावलेल्या फांदीलाही कलम म्हणू लागले. जालना आणि संभाजीनगरकडे मोसंबीची रोपे तयार करताना जंबेरी या लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा, म्हणजे कोंब फुटणारा भाग, भरतात, त्यासाठीही असाच आखूड, वस्तऱ्यासारख्या धारेचा, पुष्कळदा मिटणारा चाकू लागतो. आणि कायद्याच्या पोटभागालाही आपण कलमच म्हणतो. तिन्ही कलमांशी संबंध असलेले हे एकच अवजार. तिसऱ्या कलमाशी त्याचा संबंध कसा येतो ते आता पाहू.

नुसते ‘चाकू’ म्हणून आज भागत नाही, विशेषण लागते. ‘खिशातील चाकू’ ही सरळ इंग्रजीची नक्कल आहे, आणि ती वस्तूचे वर्णन न करता फक्त तिचा पत्ता सांगते. ‘दुमडता चाकू’ समजतो, पण दुमडतो तो कागद. चाकू छत्रीसारखा मिटतो. आपल्याकडे घडीची खुर्ची आणि घडीचा पलंग आहे, तसाच ‘घडीचा चाकू’ म्हणावा. त्याच्याशेजारी ‘खटक्याचा चाकू’ हा शब्द आहे, आणि या दोहोंत गल्लत करू नये. खटक्याचा म्हटले की पाते उघडल्यावर खटक्यात अडकते आणि खटका सोडवल्याशिवाय मिटत नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा लांब पात्याचा ‘रामपुरी’ तो हाच, आणि चित्रपटांमुळे त्याचा तो आवाज आपल्याला पाठ आहे. घडीच्या चाकूत पाठीची पट्टी पात्याला नुसती दाबून धरते. नखाच्या खाचेत नख घालून पाते उघडावे, आणि अंगठ्याने रेटले की ते मिटते.

भगिनींच्या कामाचा भाग इथे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याच्या 139 व्या कलमानुसार सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय पाते जवळ असणे हा गुन्हा आहे, मात्र ज्याची धार 3 इंचांपेक्षा (7.62 सेंटिमीटर) अधिक लांब नाही असा घडीचा चाकू त्यातून वगळलेला आहे. पाते अडकवणारा चाकू या सवलतीत बसतो का, हा प्रश्न तिथल्या न्यायालयापुढे आला, तेव्हा असे ठरले की कधीही सहज मिटवता येतो तोच घडीचा. जो मिटवायला आधी खटका सोडवावा लागतो तो नव्हे, मग पाते कितीही लहान असो. इंग्रजीतल्या ज्या शब्दावरून हा वाद झाला त्यासाठी मराठीत दोन सुटे शब्द आधीपासून तयार आहेत, याचा मला थोडा अभिमान वाटतो. तेव्हा आजोबांचा चाकू उघडून पाहावा. तो घडीचा निघाला तर धार मोजावी, खटक्याचा निघाला तर मोजण्याचे श्रमही घेऊ नयेत.

आता ‘बाळगणे’. ही क्रिया निव्वळ जवळ असण्याची नाही. जाणूनबुजून, जपून, काही हेतूने जवळ ठेवण्याची आहे. आपण भीती बाळगतो, आशा बाळगतो, सावधगिरी बाळगतो. वस्तूंच्या बाबतीत हे क्रियापद मुख्यतः शस्त्र, गांजा, बेहिशेबी रक्कम यांच्यासोबत येते, कारण पोलिसांच्या भाषेने ते आपलेसे केले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सणावाराला मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी, भाले, सुरे, लाठ्या ‘जवळ बाळगण्यास’ मनाई असते. (असा आदेश लागू असताना पाते लहान आहे हा बचाव फारसा उपयोगी नाही, कारण इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू त्यात येऊ शकते. एरवी शस्त्र नियमांतली मर्यादा पुष्कळ मोठी आहे : घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेले, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते.) म्हणूनच ‘चाकू बाळगला’ हे वाचताच पंचनामा सुरू झाल्यासारखे वाटते. आजोबांना खटकले ते हेच. फळ चिरणारा माणूस चाकू बाळगत नाही. त्याच्याजवळ चाकू असतो.

मालकी आणि सोबत असणे यांतला फरकही मराठी एका शब्दयोगी अव्ययात सांगते. ‘माझ्याकडे चाकू आहे’ म्हणजे तो माझा आहे, कदाचित घरी पेटीत पडलेला असेल. ‘माझ्याजवळ चाकू आहे’ म्हणजे या क्षणी अंगावर आहे. वर सांगितलेले इंग्लंडचे कलम ‘जवळ’विषयी आहे, ‘कडे’विषयी नाही. आणखी एक क्रियापद नांदेडच्या लोकांना सांगायला नको : हुजूर साहिबच्या परिसरात शीख बांधव कृपाण ‘धारण करतात’. संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण हा त्यांच्या धर्माचा भाग मानला आहे. धारण करणे, बाळगणे, जवळ असणे : वस्तू प्रत्येक वेळी पातेच, पण माणूस वेगळा दिसतो.

राहिले सामान्यरूप, कारण भगिनींच्या पत्रात एके ठिकाणी ‘चाकवाने’ असे आले आहे. विंचू-विंचवाने, नातू-नातवाने या जुन्या वळणाच्या शब्दांच्या ओढीने तसे होते. चाकू मात्र खडू आणि पेरू यांच्या पंक्तीत बसतो. ‘चाकूने’ असेच लिहावे. अनेकवचनही चाकूच.

तेव्हा नियम असा लिहिता येईल : ‘ज्याची धार 3 इंचांपेक्षा लांब नाही असा घडीचा चाकू सार्वजनिक जागी जवळ असण्यास हरकत नाही, खटक्याच्या चाकूला ही सवलत नाही.’ आणि त्याखाली आजोबांसाठी वेगळी ओळ घालावी, की विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेत ठेवावा लागेल.