मे अखेरीस भंडारदऱ्याला दोन दिवस चाललोय, सोबत आईबाबा आणि दोन मुलं, बोटिंग सोडून काय काय करता येईल?

प्रश्नातलं "काय काय" वाचलं आणि आमचे साडू आठवले, म्हणून लिहायला बसलो. धरणाच्या तळ्याचा एक काठ धरा आणि बसा. पॉइंट करत फिरू नका, हे माझं उत्तर.

2019 च्या मे अखेरीला आम्ही दोन कुटुंबं आणि सासरे असे गेलो होतो. साडूंच्या मोबाईलमध्ये एक्सेल शीट. विल्सन डॅम (म्हणजे भंडारदऱ्याचं धरण), छत्री धबधबा, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा, रात्री काजवे, सगळं एका दिवसात. छत्री धबधब्याला गेलो तर नुसता काळा कोरडा कातळ, धरणातून पाणी सोडलं तरच तो पडतो हे करवंदं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, तरी साडूंनी शीटवर टिक केलीच.

रतनवाडीला वीस मिनिटं मंजूर झाली. अहो, देवळाजवळची पुष्करणी आणि तिच्या कोनाड्यातल्या मूर्ती बघण्यातच तेवढी जातात. मामा (म्हणजे सासरे) गाडीत चढेचनात. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली, ते सरळ तळ्याकडे चालायला लागले आणि मी त्यांच्या मागे. मे मध्ये पाणी इतकं मागे गेलेलं असतं की काठावर म्हणून बसता ते खरं तर तळ्यातच, भेगाळलेला गाळ आणि त्यात गुरांच्या खुरांचे वाळलेले खड्डे. मामांनी काठीनं समोरच्या उतारावरचे आडवे पट्टे दाखवले, पायऱ्यांसारखे. "हे बघा, इथं आवर्तन थांबलं असणार." आवर्तन म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी. पाणी एका पातळीला थोडे दिवस थांबलं की लाटा तिथली माती कापतात, मग परत सोडलं की खाली, परत पट्टा. 1926 चं धरण, 11 टीएमसी पाणी, आणि जातं कुठं तर खाली राहुरी-श्रीरामपूरकडच्या शेतीला, उसाला. तळं आपल्या सुट्टीसाठी नाहीच मुळी. मामा एवढं सलग बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

साडूंनी हॉर्न वाजवला, फोन केले (रेंज कुठली), शेवटी आम्हाला तिथंच टाकून बाकीची वरात सांदणला. आम्ही एका घरी पिठलं-भाकरी सांगितली, जेवलो, परत काठावर. अंधार पडला तसा बांधावरच्या सादड्यावर एक काजवा, मग दहा, मग अख्खं झाड एका तालात उघडझाप. मोबाईलवर फोटो काढला तर काळा चौकोन. साडेआठला गाडी आली, हेडलाइट बरोब्बर झाडावर, आणि झाड विझलं. साडू उतरून म्हणतात, "कुठेत काजवे?" मामा म्हणाले, "आधी लाइट बंद करा." पण आम्ही थाप मारली असंच त्यांना आजही वाटतं, दर दिवाळीला विषय निघतो, आणि त्यांनी त्या दिवशी नक्की काय पाहिलं हे विचारलं तर शीट उघडून सांगतात.

तर तुमच्यासाठी: एक दिवस पूर्ण रतनवाडीच्या बाजूला घाला, दुसऱ्या दिवशी शेंडीच्या (धरणाजवळचं गाव) बाजूला सकाळी लवकर पाण्याजवळ जा, बास. आईबाबांना कळसूबाईला ओढू नका, 1646 मीटर आहे आणि वर शिड्या. रंधा वाटेत लागला तर बघा, मे मध्ये त्याचंही पाण्याच्या सोडण्यावर आहे. काजव्यांना गाडी लांब लावून चालत जा.

आणि हो, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो पण पाण्याजवळ पाय गुडघ्यापर्यंत जातो, मामांची एक चप्पल अजून तिथंच आहे. बोटीत बसलातच तर जॅकेट मागून घ्या. पिठलं खायचं असेल तर गेल्या गेल्या सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर चूल विझलेली असते.