वडील ७४ वर्षांचे आहेत, पडल्यापासून दिवसभर खुर्चीतच असतात. तब्येत सुधारायला घरच्यांनी काय करावं? एखादं टॉनिक द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तुम्ही त्यांना उठूच देत नाही, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देता. माझ्या आईच्या बाबतीत मी अगदी हेच केलं होतं, म्हणून लिहितेय.

आई तेव्हा ७८ची होती. ती पडली आणि आम्ही सगळे धास्तावलो. ‘तू बस गं, मी आणते’ हे दिवसभर चालायचं. तीन महिन्यांनी एकदा मी दारात उभी होते आणि ती खुर्चीतून उठत होती. दोन्ही हात रेटून अर्धवट उठली, धपकन खाली बसली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी उठली खरी, पण कितीतरी वेळ खुर्चीची पाठ काही सोडेना. जपण्याच्या नादात आम्ही तिच्या पायांतली ताकद घालवून बसलो होतो.

उतारवयात न वापरलेले स्नायू फार भराभर झिजतात. एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणातच ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो मांस उतरलं. पण गेलेली ताकद परतही येते. १९९०मध्ये अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं थोडी होती, पण हे वाचून मला किती धीर आला म्हणून सांगू!

आधी डॉक्टरांना दाखवा आणि जमल्यास फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा. आईला दिलेला पहिला व्यायाम अगदी साधा होता: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन चार वेळा, मग हात न लावता. नंतर ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून उभं राहणं. नुसतं चालून भागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारख्या हालचालीबरोबर, तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगते.

दुसरं म्हणजे, ते पडले का, याचा छडा लावा. घरातल्या सगळ्या गोळ्या, डोकेदुखीच्या आणि सर्दीच्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. झोपेच्या गोळ्यांनी आणि सर्दीच्या काही जुन्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उठल्यावर चक्कर येण्याचं कारण तिथेच असू शकतं. आईचं नेमकं तेच निघालं. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

टॉनिकवर पैसे घालवू नका. तपासणीत एखादी कमतरता निघाली तर तेवढंच औषध घ्या. प्रोटीन मात्र पोटात जायला हवं, वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी कानांचं सांगते. आई गप्प गप्प राहायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं, वय झालं. खरं तर तिला आमचं बोलणं तुटक ऐकू येत होतं आणि सारखं ‘काय?’ विचारायची तिला लाज वाटायची. श्रवणयंत्र लावून घरी आली त्या संध्याकाळी तिने विचारलं, ‘हा नळ कधीपासून गळतोय?’ मला तिथेच रडू फुटलं. त्यानंतर ती पुन्हा आमच्या गप्पांत बसायला लागली.

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं की वडिलांचा पाण्याचा ग्लास स्वयंपाकघरातच राहू द्या. वाटेतलं पायपुसणं उचला, रात्री दिवा लावून ठेवा. ते पाणी घ्यायला उठतील तेव्हा तुम्ही शेजारून चाला, हात न धरता, पण सावरता येईल इतक्या जवळून.