वडिलांना गाऊट आहे आणि मी बिअर पितो, तर मलाही होणारच का?

तुमचं वय ३४, वडिलांना गाऊट (युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याचा आजार), आजोबांचाही अंगठा सुजायचा, रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड ७.४ आणि आठवड्यातून दोनदा बिअर. तुम्ही विचारताय, हे होणारच का, आणि बिअर सोडून व्हिस्कीवर आलो तर सुटेन का?

होणारच असं नाही. व्हिस्कीने सुटाल असंही नाही. मी डॉक्टर नाही, पण अकरा वर्षं हा पायाचा अंगठा सांभाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्या घरची गंमत. माझी आई माळकरी. दारू सोडाच, घरात मटण शिजलं तर त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तिला पासष्टीत गाऊट झाला. धाकटा भाऊ माझ्या दुप्पट पितो, त्याचं सगळं ठणठणीत. आणि मी बेताने पिणारा, तर गटारीच्या रात्री तीन वाजता उजव्या अंगठ्यात कुणी खिळा ठोकावा तसा जागा झालो. पंख्याचा वारा लागला तरी सहन होत नव्हतं. सकाळी एका डॉक्टरांनी मुका मार म्हणून मलम दिलं. त्या दिवशीचं युरिक ॲसिड ५.९ आलं, म्हणजे ‘नॉर्मल’, म्हणून गाऊट नाहीच असं ठरलं. तीन आठवड्यांनी तेच ८.६ होतं. ऐन झटक्यात हा आकडा खाली येऊ शकतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता हे असं का होतं ते सांगतो. घरातली मोरी डोळ्यांपुढे आणा. पेशींची मोडतोड आणि खाणं यांतून युरिक ॲसिड रोज तयार होतं. बहुतेक प्राण्यांकडे ते पुढे विरघळवणारं एक एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच गमावलं. त्यामुळे आपल्याला ते बाहेरच टाकावं लागतं, साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडातून आणि उरलेलं आतड्यातून. रक्तात ते ६.८ च्या पुढे गेलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बसू शकतात.

मोरीचं भोक केवढं, हे बऱ्याच अंशी जनुकं ठरवतात. एसएलसी२ए९ आणि एबीसीजी२ ही त्यातली दोन मोठी नावं. एबीसीजी२ मध्ये एक अक्षर बदललेलं असलं की युरिक ॲसिड बाहेर ढकलायची त्याची ताकद जवळपास निम्मी होते. २००८ सालच्या एका अभ्यासात या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे गाऊटची शक्यता सुमारे पावणेदोन पट दिसली. जनुकांतल्या अशा जागा एक-दोन नाहीत. २०२४ मध्ये २६ लाख लोकांच्या माहितीतून गाऊटशी जोडलेल्या ३७७ जागा सापडल्या. म्हणजे ‘गाऊटचं जनुक’ असं एक काही नसतं. लहान लहान वाटे असतात. आईकडचे माझ्या वाट्याला आले, भावाच्या वाट्याला बहुधा कमी आले. आईचं इतकी वर्षं निभावलं, कारण पाळी चालू असेपर्यंत बायकांचं इस्ट्रोजेन युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं. पुढे पाळी गेली आणि वर बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली. त्या गोळीनेही युरिक ॲसिड वाढतं.

दारू या मोरीत दोन उद्योग एकदम करते. यकृत अल्कोहोल पचवताना पेशींमधलं इंधन खर्ची पडतं आणि त्याच्या राखेतून जास्तीचं युरिक ॲसिड तयार होतं, म्हणजे पाणी वाढलं. त्याच वेळी रक्तात लॅक्टेट नावाचा पदार्थ वाढतो आणि त्याच्या बदल्यात मूत्रपिंड बाहेर चाललेलं युरिक ॲसिड परत आत ओढतं, म्हणजे भोकात बोळा. बिअरमध्ये यीस्टमधून आलेलं प्युरिन असतं, ज्याचं शरीरात युरिक ॲसिडच होतं, ती आणखी एक बादली. मोरीचं भोक मोठं असेल तर भावासारखं सगळं वाहून जातं. माझ्यासारख्याचं पाणी आधीच काठाला, तिथे एक पेग पुरतो. जनुक आणि दारू यांची वेगवेगळी बेरीज करू नका, ग्लास तोच असला तरी तो कोणाच्या पोटात जातो यावर सगळं आहे.

२०१८ च्या एका अभ्यासात माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकापैकी सुमारे २४ टक्के नेहमीच्या जनुकीय फरकांनी समजत होता, तर एकूण आहाराने जेमतेम ०.३ टक्के. हे वाचून मी एकदा जल्लोषात बाटली उघडली होती. चूक! तो आकडा लोकांमधल्या सरासरी पातळीचा आहे. काठावर बसलेल्याला आज रात्री झटका येईल का, हा प्रश्नच निराळा.

व्हिस्कीचं म्हणाल, तर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास छापून आला. रोज एक बिअर म्हणजे जोखीम ४९ टक्के जास्त, रोज एक पेग म्हणजे १५ टक्के, वाइनने फारशी नाही. पण तिथली बिअर ३५५ मिलीची, आपली मोठी बाटली ६५० ची आणि बहुतेकदा स्ट्राँग. शिवाय ज्यांना गाऊट आधीच आहे त्यांच्या नंतरच्या एका अभ्यासात वाइननेही झटके वाढलेले दिसले. व्हिस्कीत कोल्ड्रिंक ओतत असाल तर त्यातली साखरही युरिक ॲसिड वाढवते. आणि चकण्याला कलेजी, सुकट नाहीतर तारली असेल तर बोलायलाच नको.

एक बाजूचं. चरकाने वातरक्ताच्या (आयुर्वेदातला गाऊटशी जुळणारा रोग) कारणांत सुरा आणि आसव घातलेत, आणि त्या रोगाला ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, असंही नाव दिलंय. तो शिक्का अजून पुसलेला नाही. लोक विचारतील या लाजेने माझ्या आईने दोन वर्षं पाय साडीखाली झाकला. माळकरी बाईला कुणी काय विचारणार होतं, पण तिला भीती होती ती होतीच.

तुमचं ७.४ आहे, झटका एकही नाही. अशा वेळी डॉक्टर सहसा औषध सुरू करत नाहीत, तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. दहाच्या वर युरिक ॲसिड असलेल्यांतही १५ वर्षांत जवळपास निम्म्यांनाच गाऊट झाल्याचं दिसलंय, तुमचं तर त्याच्या खूप खाली आहे. डाळी बंद करायचा सल्ला मिळेल, त्यापेक्षा आधी बिअर कमी करा, वजन जास्त असेल तर तेही. वडिलांना पहिला झटका कितव्या वर्षी आला, त्यांना कधी मूतखडा झाला होता का, हे विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

मी आता ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करणारी गोळी घेतो, आकडा ५.५ च्या आसपास असतो, वर्षाकाठी दोन-तीनदा एखादा पेग होतो. गटारीला मात्र भाऊ पितो आणि मी त्याला घरी सोडायला गाडी काढतो.