इंग्लिश शब्द एक आणि लिथुएनियन शब्द पाच, मग नक्की कोणता वापरायचा?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरमध्ये लिथुएनियातल्या काउनासला शिकायला जायचंय, इंग्लिश-लिथुएनियन डिक्शनरी घेऊन शब्द पाठ करायला बसलं की एकेका इंग्लिश शब्दापुढे तीन-चार-पाच लिथुएनियन शब्द दिसतात, त्यातला उचलायचा कुठला. सोबत यादी पण दिलीये: नो (म्हणजे माहीत असणे), फ्री, वेअर (म्हणजे अंगावर घालणे), कट, ड्रीम.

मी काउनासला मास्टर्स केलं, आता व्हिल्नियसला नोकरी करते, सात वर्षं होतील. माझं ऐकाल तर मधे इंग्लिश आणूच नका, आधी मराठीत विचार करा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे पहिलं वर्ष फार जड गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. (उच्चार देवनागरीत बसवताना थोडे इकडेतिकडे होतील, कान तयार झाला की सुधारून घ्या.)

नो पासून सुरू करू. डिक्शनरीत तीन शब्द मिळतील, झिनोती, पाझिनोती, मोकेती. इंग्लिशमधून गेलात तर तिन्ही सारखेच वाटतात. आता मराठीत बोलून बघा. मला पत्ता माहितीये, मी तिला ओळखते, मला पोहता येतं. झालं की! माहिती असेल तर झिनाउ, ओळख असेल तर पाझीस्तू, येत असेल तर मोकू (ही त्याच तीन क्रियापदांची "मी"ची रूपं). आपण हा फरक लहानपणापासून करतोच आहोत, "मला पोहणं माहितीये" असं म्हटलं तर ऐकणारा म्हणेल की माहिती आहे ते ठीक, पण येतं का? तिकडेही अगदी तसंच. "मला लिथुएनियन येत नाही" हे "नेमोकू लिएतुविश्काइ", हे वाक्य पहिल्या महिन्यात रोज लागेल.

मोकेतीची एक गंमत म्हणजे त्याचा दुसरा अर्थ पैसे भरणे. मोकू कोर्तेले म्हणजे कार्डने पैसे देते. त्यावरूनच फ्रीचा घोळ होतो. नेमोकामास म्हणजे ज्याचे पैसे द्यावे लागत नाहीत ते, म्युझियमच्या दारावर लिहिलेलं असतं. मी आल्याआल्या ट्रेनमध्ये व्हिल्नियसहून काउनासला जाताना एका बाईंना शेजारच्या सीटबद्दल विचारलं, "आर शी व्हिएता नेमोकामा?" त्या गोंधळल्या, मग शांतपणे सांगायला लागल्या की नाही, तिकीट काढावं लागतं, कंडक्टर येईल. मी त्यांना विचारलं होतं की ही सीट फुकट आहे का! मला विचारायचं होतं रिकामी आहे का, त्याला शब्द लाइस्वास. "आर च्या लाइस्वा?" एवढंच पुरतं. मराठीत मी कधी रिकाम्या खुर्चीला फुकट म्हटलं असतं का? नाही. चूक इंग्लिशच्या फ्रीने करवली.

लाइस्वासमध्ये मात्र रिकामी, मोकळी आणि स्वतंत्र हे तिन्ही मावतं. काउनासच्या मधोमध जो लांबलचक पायी चालायचा रस्ता आहे तो लाइस्वेस आलेया, म्हणजे स्वातंत्र्याचा मार्ग, आणि बसायला जागा आहे का ते विचारतानाही हाच शब्द. अजून एक वेल्तुइ आहे, तो मला फार आवडतो कारण तो हुबेहूब आपला फुकट आहे: फुकट मिळालं तरी वेल्तुइ आणि मेहनत फुकट गेली तरी वेल्तुइ. इंग्लिशमध्ये याला दोन वेगवेगळे शब्द लागतात, आपल्याला आणि त्यांना एकच पुरतो.

आता वेअर. इथे बहुतेक जण हात टेकतात पण मराठी माणसाने अजिबात घाबरू नये. मी व्हिल्नियसच्या झ्वेरीनास भागात एका जुन्या लाकडी घरात भाड्याने राहायचे, मालकीणबाई पंचाहत्तरीच्या, त्यांना इंग्लिश येत नव्हतं. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे पंधरा, मी पळत निघालेय आणि त्या दारात उभ्या राहून एका दमात म्हणाल्या आप्सिविल्क, आप्सिआउक, उझ्सिमाउक, उझ्सिरिश्क, उझ्सिदेक आणि प्रत्येक शब्दाला एकेक वस्तू माझ्या हातात. कोट, बूट, हातमोजे, मफलर, टोपी. पाच वस्तू, पाच क्रियापदं. इंग्लिशमध्ये पाचही ठिकाणी एकच चाललं असतं.

नंतर कळलं की या क्रियापदांच्या जोडीला "अंगावर असणे" याची वेगळी क्रियापदं आहेत. कोट, ड्रेस, शर्ट अंगावर असेल तर विल्केती. पायात बूट असतील तर आवेती, म्हणून चपलाबुटांच्या दुकानावर आवालीने अशी पाटी दिसते. जे ओढून आत सरकवायचं ते मूवेती, म्हणजे पँट, हातमोजे आणि बोटातली अंगठीसुद्धा. गाठ मारायची ती रीशेती, टाय किंवा डोक्याचा रुमाल. स्कर्ट किंवा ब्रोच असेल तर सेगेती, कारण ते मुळात अडकवायचं, टाचायचं काम. टोपीला देवेती, चष्म्याला नेशोती.

पाठ करायला भयंकर वाटतं ना, पण आपण काय करतो बघा. साडी नेसतो, ड्रेस घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, गजरा माळतो, बांगड्या भरतो, चष्मा लावतो. "साडी घातली" म्हटलेलं अजूनही आमच्या आईला खटकतं. म्हणजे वस्तू अंगावर कशी बसते त्यावरून क्रियापद बदलायची सवय आपल्या डोक्यात आधीपासून आहे, फक्त खाचे वेगळे आहेत. त्यामुळे सुटं क्रियापद कधीच पाठ करू नका, वस्तूसकट करा, "आवेती बातुस", "मूवेती पिर्श्तिनेस" असं. आणि अगदीच अडलात तर सू म्हणजे "सह" वापरून सुटका होते, चष्म्यासह, लाल ड्रेससह, तिथले लोकही सर्रास असं बोलतात.

कट मध्ये आपला आणि त्यांचा हिशोब जरा वेगळा. आपण बरंचसं काय कापतोय ते बघतो, भाजी चिरतो, केस कापतो, झाड तोडतो. ते हत्यार बघतात. कात्रीने असेल तर किर्प्ती, म्हणून सलूनवर किर्पीक्ला लिहिलेलं असतं. सुरी, करवत, विळा असं काहीही पुढेमागे फिरवून कापायचं असेल तर प्याउती, गवत कापणंही यातच. घाव घालायचा असेल तर किर्स्ती, कुऱ्हाडीला किर्विस म्हणतात. आणि पावासाठी खास शब्द राखून ठेवलाय, रिएक्ती. राय धान्याचा काळा, वजनदार पाव असतो तो, त्याचा तुकडा म्हणजे रिएके. या देशात पावाला मान आहे हे त्या एका शब्दावरूनच मला समजलं.

मराठी सगळीकडे साथ देईल असं मात्र नाही. आपलं जाणे पायी पण आणि गाडीने पण, त्यांच्याकडे पायी एइती आणि वाहनाने वाझूओती, मी व्हिल्नियसहून काउनासला "एइनू" म्हटलं तर शंभर किलोमीटर चालत निघाले असा अर्थ होतो. टाइमला मात्र पुन्हा मराठी धावून येते, वेळ म्हणजे लाइकास आणि तीन वेळा मधल्या वेळा म्हणजे कार्तास, किती वाजले विचारायला तर टाइमवाला शब्दच नाही, "किएक वालांदू" म्हणजे किती तास. हॉटचं पण सोपं, गरम कार्श्तास आणि तिखट आश्त्रूस, सुरीची धार पण आश्त्रूस, आणि आपला तिखट तरी कुठून आला, तीक्ष्ण वरूनच.

डिक्शनरी वापरायची एक पद्धत सांगते. शब्द सापडला की थांबू नका, तो लिथुएनियन शब्द उलटा शोधा आणि त्याचे इंग्लिश अर्थ बघा, नेमोकामासपुढे रिकामी असं काही दिसणार नाही, तिथेच चूक पकडली जाते. ट्रान्सलेशन अ‍ॅपला एकटा शब्द देऊ नका, पूर्ण वाक्य द्या. थोडं वाचता यायला लागलं की त्यांचा मोठा कोश बघा, लिएतुविउ काल्बोस झोदिनास, 20 खंडांचा, 1941 ते 2002 इतकी वर्षं लागली तो छापून पूर्ण व्हायला, आता ऑनलाइन फुकट आहे (नेमोकामास!) आणि प्रत्येक शब्दाखाली उदाहरणांचा ढीग आहे.

राहिला ड्रीम. झोपेत पडतं ते साप्नास, मनात बाळगतो ते स्वायोने. साप्नास आणि आपलं स्वप्न एकाच जुन्या मुळातून आलेत म्हणून मराठी माणूस बिनधास्त साप्नास म्हणतो आणि नेमका इथेच फसतो, कारण आपल्या स्वप्नात दोन्ही अर्थ आहेत आणि त्यांच्या साप्नासमध्ये एकच. डॉक्टर व्हायचंय, घर घ्यायचंय ते स्वायोने. हॉस्टेलवर पहिल्या रात्री कुणी "लाबानाक्त, साल्जू साप्नू" म्हणालं तर ते शुभ रात्री, गोड स्वप्नं पडोत असं म्हणतायत, तुम्हीपण तेच परत म्हणा.