न घेतलेल्या ऑर्डरी

"मॅडम, धंदा चालतोय. पण मी काही मोठा झालो नाही."

मी समुपदेशक. हे वाक्य समोरच्या खुर्चीतून मी इतक्यांदा ऐकलंय की आता अर्ध्यावरच पुढचं कळतं. कुणाचं शिवणकामाचं युनिट असतं, कुणाचं दुरुस्तीचं वर्कशॉप, कुणाचा क्लास. हप्ते वेळेवर जातात, माणसांचे पगार होतात, घर नीट चालतं. आणि तरी रात्री दोन वाजता डोळे उघडतात आणि डोक्यात बेरजा-वजाबाक्या सुरू होतात.

त्यांतल्या एकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत आणि सात-आठ भेटींचं बोलणं थोडक्यात आणलंय.

छपाई आणि पुस्तकबांधणीचा व्यवसाय. वय ४७, व्यवसायाला १९ वर्षं, हाताखाली ६ माणसं. पहिल्या भेटीत त्यांनी बसल्या बसल्या पिशवीतून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. गेल्या ५ वर्षांची उलाढाल! मी मागितली नव्हती.

"माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मित्राच्या तीन शाखा झाल्या. मी तिथल्या तिथेच."

"मित्राची एकच शाखा असती तर?"

"तर काय?"

"तर तुमचा धंदा आत्ता आहे तेवढाच असता. कसा वाटला असता तुम्हाला?"

त्यांनी जरा विचार केला. "बरा वाटला असता." आणि लगेच, "पण तीन आहेत ना त्याच्या!"

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की स्वतःला मोजायला नेमकं माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्याकडे बघून स्वतःला मोजतो, आणि त्यातही आपल्यासारख्याच माणसाकडे बघून. छोट्या व्यावसायिकाचं दुखणं मला इथे दिसतं. नोकरदाराला बढती मिळते, पदनाम बदलतं, वर्षातून एकदा साहेब बोलावून बरं-वाईट सांगतो. व्यावसायिकाला गुणपत्रिका कोण देणार? ग्राहक माल घेऊन जातो, तक्रार असेल तरच परत येतो. हातात एकच आकडा उरतो, गल्ल्याचा. आणि तो बरा की वाईट हे ठरवायला शेजारच्याचा गल्ला लागतो.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. पठडीतला प्रश्न विचारला, "पैसा सोडून तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?" त्यांनीही पठडीतली उत्तरं दिली. समाधान, ग्राहकांचा विश्वास, चांगलं नाव. शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तशी. मग स्वतःच थांबून म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? हे सगळं हरलेल्यांचं बोलणं आहे." मला उत्तर सुचलं नाही, आणि सुचलं नाही ते बरंच झालं.

वाट सापडली ती तिसऱ्या भेटीत. मी फोनवर होते, म्हणून ते माझ्या कपाटासमोर उभे राहिले. एक जाडजूड पुस्तक काढलं, टेबलावर उघडं ठेवलं, तळहातानं मधोमध दाबलं. पुस्तक आपोआप मिटलं. "हे नुसतं चिकटवलंय," ते म्हणाले. "फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले असते तर सपाट उघडं राहिलं असतं. असं दाबत राहिलात तर पानं सुटतील." दुसरं काढलं, पुठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. फाइल घेऊन आलेला माणूस आणि हा माणूस, दोघांचे आवाजसुद्धा वेगळे होते.

"अशी चिकटवलेली कामं तुम्ही घेत नाही?"

"घेतो की. पण रोज हाताळायची पुस्तकं असतील तर नाही म्हणतो. खूप कामं सोडलीत त्यापायी."

तेव्हा मी त्यांना घरचा अभ्यास दिला. १९ वर्षांत नाकारलेल्या ऑर्डरी, संधी, माणसं, आठवेल ते सगळं एका कागदावर लिहून आणायचं. त्यांचा चेहरा पडला. "तेच तर मी विसरायचा प्रयत्न करतोय."

पुढच्या वेळी कागदावर ११ नोंदी होत्या. आम्ही एकेक वाचली. वर्षभराचं मोठं कंत्राट, पण रात्रपाळी लावावी लागली असती आणि त्यांचा सगळ्यात जुना बांधणी कारागीर डोळ्यांनी अधू होत चालला होता. नाही म्हणाले. कटिंग मशीनवर काम करणाऱ्या मुलाच्या अंगावर एक बडा ग्राहक ओरडला; पातं चालू असताना. त्याचं काम अर्ध्यावर परत केलं. दुसऱ्या शाखेसाठी एक जण भांडवल घालायला तयार होता.

"तिथे का नाही म्हणालात?"

"दिवसभर फोनवर राहिलो असतो. मशीनला हात कधी लावला असता?"

ते गप्प झाले. मीही गप्प राहिले. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हेच माझ्या कामातलं अर्धं कसब आहे, आणि ते कमवायला मला बरीच वर्षं लागली. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, पुन्हा वरपासून वाचला, बोट एकेका ओळीवर ठेवत. मग म्हणाले, "यात मी घाबरलो कुठे?"

इतकी वर्षं ते या कागदाला भित्रेपणा समजत होते. मित्रानं धाडस केलं, आपण कच खाल्ली, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात त्या नकारांत त्यांची मोजपट्टी होती: कामाचा दर्जा, माणसांची अब्रू आणि स्वतःचे हात कामात असणं.

नकारांबद्दल विचारायचं मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, म्हणून थोडी फुशारकी मारते. माणूस 'हो' म्हणतो तेव्हा त्यामागे गरज, भीड, लोभ, काहीही असू शकतं. चालून आलेली लक्ष्मी परत पाठवताना मात्र खिशाला खार लागतो, आणि तो सोसून माणूस जे जपतो ते त्याला बहुधा मनापासून हवं असतं.

बहुधा म्हणाले, कारण नववी नोंद वेगळी होती. "दर वाढवायचे होते, वाढवले नाहीत." ही ऑर्डर नव्हती, संधीही नव्हती. तरी त्यांनीच लिहून आणली होती.

"आणि हे कशासाठी जपलंत?"

ते ओशाळून हसले. "ही मात्र भीती. गिऱ्हाईक तुटेल म्हणून." कागद महागला, शाई महागली, दर ६ वर्षं तेच.

म्हणून माझं सांगणं असतं की अशी यादी करताना प्रत्येक नकारापुढे विचारा, हे काही जपण्यासाठी होतं की काही टाळण्यासाठी? दोन्ही सापडतील. सगळेच नकार तत्त्वाचे निघाले तर यादी पुन्हा करा.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्ये एक गणित मांडलं होतं: स्वतःविषयी वाटणारा मान म्हणजे मिळवलेलं यश भागिले बाळगलेल्या आकांक्षा. सगळे अंश वाढवायला धावतात. छेदातल्या आकांक्षा आपल्याच आहेत की मित्राच्या, हे क्वचितच कुणी तपासतं. मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांची. 'शाखा असत्या तर आवडलं असतं' आणि 'शाखा असायलाच हव्यात, नाहीतर मी फुकट', यातलं दुसरं वाक्य झोप उडवतं. शिवाय धंद्याला गुण द्यावेत, धंदेवाल्याला देऊ नयेत, हेही एलिसचंच.

पण पैशाला तुच्छ मानायला मी कुणालाच सांगत नाही. धंदा तोट्यात असेल तर आधी हिशेब तपासणाऱ्याकडे जा, माझ्याकडे नंतर या. मालकानं स्वतःचा पगार खर्चात धरलाय का, हे बघा. अनेकजण धरत नाहीत, आणि मग ज्याला नफा म्हणतात ती त्यांचीच न घेतलेली मजुरी असते. उलाढाल मिरवायला बरी, पण उधारी वसूल होईपर्यंत पगार तिच्यातून होत नाहीत. घर, हप्ते, पगार आणि काही महिन्यांची गंगाजळी, एवढा आकडा लिहून ठेवा. तो गाठेपर्यंत पैसा हाच पहिला प्रश्न. गाठल्यावर पुढचं काय मोजायचं ते तुम्ही ठरवा.

शेवटच्या भेटीला ते आले तेव्हा दर वाढवून तीन महिने झाले होते. दोन गिऱ्हाइकं गेली होती, बाकीची होती तशीच. मित्रानं चौथी शाखा काढली होती.

"मग? काय वाटलं?"

"जळलो की. पंधरा-वीस मिनिटं. मग एक फर्मा उलटा शिवला गेलाय म्हणून आतून हाक आली, तिकडे गेलो."

निघताना त्यांनी पाकिटातून माझी फी काढली, नोटा मोजल्या आणि दारापाशी थांबले.

"एक विचारू? पहिल्यांदा आलो तेव्हाही एवढीच होती. माझ्या आधी किती वर्षं एवढीच होती?"

मी सांगितलं, सात.

"जपण्यासाठी की टाळण्यासाठी?" असं म्हणून ते जिना उतरूनही गेले.